बावन्नवरचा उंचवटा

महानुभाव आश्रमाच्या चौकात रिक्षा घासली. डाव्या बाजूचा आरसा फटकन आत वळला, काचेवर आपटला आणि अर्धवट बाहेर येऊन लोंबकळत राहिला. झालं ते एवढंच. रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून आधी आरशाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "टूटा नै चचा, सीधा कर लो," म्हणाला आणि सिग्नल सुटायच्या आत निघूनही गेला. मागून हॉर्न वाजायला लागले. मी गाडी पुढं घेतली, पैठण रोडला लागलो, आणि शे-दोनशे मीटर गेल्यावर लक्षात आलं की मला वाईट वाटतंय. घाबरण्यासारखं काही घडलंच नव्हतं. कशाचं वाईट वाटतंय ते नीट शोधलं तेव्हा कळलं, की एवढ्यावर निभावलं याचं. रिक्षाऐवजी टेम्पो असता, हातपाय मोडण्याइतका नाही, पण दोन दिवस दवाखान्यात झोपवण्याइतका धक्का बसला असता, तर आजची द्वारकाची तोंडी परीक्षा पुढं गेली असती आणि त्यात माझा काही दोष नसता. सत्तावन्न वर्षांचा, संशोधन संस्थेत ज्येष्ठ शास्त्रज्ञ म्हणून मिरवणारा माणूस सकाळी साडेनऊला भर रस्त्यात अपघाताची आस धरून बसला होता. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

सकाळी चहा देताना सरोजिनी म्हणालीच होती, "आज तुमच्या पोरीची परीक्षा ना? मग अशा सुतकी चेहऱ्यानं काय बसलात?" बायकोला सगळं कळतं म्हणतात. सरोजिनीला माझं अर्धंच कळतं आणि त्या अर्ध्यावर आमचा तीस वर्षं बरा संसार चाललाय. मी म्हणालो, बाहेरून परीक्षक येतात, जरा काळजी असते. तिला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. मला पटण्यासारखं बोलता येतं, तेच तर माझं दुखणं आहे. द्वारका पाचोडची. जवळजवळ सहा वर्षं माझ्या हाताखाली होती. आज दुपारी बारा वाजता ती संस्थेच्या सभागृहात उभी राहून आपला प्रबंध मांडणार, दोन परीक्षक तिला प्रश्न विचारणार आणि मग तिच्या नावापुढं डॉक्टर लागणार. त्या प्रबंधाचा पायाच खोटा आहे हे अख्ख्या जगात दोघांना माहीत होतं, तिला आणि मला. त्यातल्या पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून सही आहे ती माझी.

आमचा रेणू म्हणजे एका जंतूच्या अंगावरचा पंप. औषध आत शिरलं की हा पंप ते उचलून बाहेर फेकतो आणि जंतू जगतो. पंप मिटतो कसा आणि उघडतो कसा हे कळलं तर तो उघडाच अडकवून ठेवणारं औषध करता येईल, अशी सगळी आशा. पण रेणू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याच्या दोन टोकांना दोन बारीक खुणा चिकटवायच्या. प्रत्येक खूण म्हणजे एक इवलासा लोहचुंबक. दोन्ही चुंबक एकमेकांना डिवचतात. नमुना पार गोठवून यंत्रात ठेवला की त्यातून एक प्रतिध्वनी येतो, आणि त्या डिवचण्यामुळं तो वरखाली होत विझत जातो. किती सावकाश वरखाली होतो यावरून दोन खुणांमधलं अंतर काढायचं. जवळच्या खुणा भराभर हेलकावतात. अंतर दुप्पट झालं की हेलकावा आठपट मंद होतो. म्हणजे लांबचं अंतर वाचायचं तर प्रतिध्वनीच्या अगदी शेवटाकडं पाहावं लागतं, आणि शेवटाकडं प्रतिध्वनी जवळजवळ मेलेला असतो. तिथं उरतो तो यंत्राचा गोंगाट. नेमकं जे लांबचं म्हणून महत्त्वाचं, ते नेमकं तिथंच वाचायचं जिथं काही ऐकू येत नाही. विद्यार्थ्यांना मी हे वर्षानुवर्षं हसत हसत शिकवत आलो.

गोंगाटावर उपाय एकच. तीच नोंद पुन्हा पुन्हा घ्यायची आणि सरासरी काढायची. खरं असतं ते साचत जातं, गोंगाट एकमेकांना मारत जातो. पण गोंगाट निम्मा करायचा तर नोंदी चौपट लागतात, पाव करायचा तर सोळापट. त्याला अंत नाही. आपल्याकडं यंत्राचा वेळ आणि नमुना गोठवणारं हेलियम संपतं, गोंगाट संपत नाही. अठ्ठ्याण्णव साली हैदराबादेतल्या एका प्रयोगशाळेत मला अकरा दिवस यंत्र मिळालं होतं. नमुना बर्फाच्या डब्यात घालून रात्रभर काचीगुड्याच्या गाडीत मी तो डबा पायांत धरून बसलो होतो. झोप लागली तर बर्फ बदलायचं राहील म्हणून समोरच्या बाकावरच्या एका बाईंशी जबरदस्तीनं गप्पा मारत होतो. पहिल्या दिवशी पहिलीच नोंद आली आणि तिचं शेपूट शेवटाशी किंचित वर उचललेलं होतं. किती सुंदर दिसत होतं ते! गणित करून अंतरांचा आलेख काढला. चौतीस अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) मोठा उंचवटा, तो अपेक्षितच होता, तो मिटलेला पंप. आणि पुढं बावन्नवर एक छोटासा, वेगळा, स्वच्छ उंचवटा. पंपाची उघडी स्थिती. कोणीही न पाहिलेली. मी खोलीत एकटाच होतो आणि मोठ्यानं ओरडलो. पहारेकरी धावत आला. आग लागली असं त्याला वाटलं.

पुढच्या दहा दिवसांत दोनशे चौदा नोंदी घेतल्या. सगळ्यांत ते शेपूट उचललेलं नव्हतं. काहींत सपाट होतं, काहींत खाली वाकलेलं. मी वहीत प्रत्येक नोंदीचा आकडा लिहिला आणि ज्यांत शेपूट नीट दिसत नव्हतं त्यांच्यापुढं लाल पेन्सिलीनं लिहिलं, खराब. कारणाच्या रकान्यात लिहिलं, गोंगाट. त्र्याऐंशी खराब. एकशे एकतीस चांगल्या. चांगल्यांची सरासरी काढली आणि बावन्नवरचा उंचवटा पहिल्या दिवसापेक्षाही डौलदार आला. मग चूक किती असू शकेल ते मोजलं. ठेवलेल्या नोंदींचा आपसात मेळ किती बसतो त्यावरून मोजलं. मेळ बसणारच, मेळ बसणाऱ्याच ठेवल्या होत्या! अधिक-उणे दोन, असं छापून आलं. बावन्न, अधिक-उणे दोन. हे लिहिताना हात जराही कापला नाही. आणि खरं सांगतो, मी खोटेपणा केला नव्हता. खोटेपणा केला असता तर निदान लक्षात तरी राहिला असता. मी अगदी भल्या मनानं, कष्टानं, उपाशीतापाशी, मला हवं ते ऐकू येत नव्हतं त्या प्रत्येक वेळेला गोंगाट असं नाव दिलं.

आमचे वडील, अनंतराव, मोजणी खात्यात होते. निजामाच्या अमदानीत लागले, पोलीस ॲक्शननंतर कागद उर्दूतून मराठीत आणायचं काम त्यांच्याकडं आलं आणि जुने आकडे जमत नाहीत म्हणून गावोगाव पुन्हा साखळ्या ओढत फिरणंही आलं. मी दहा-अकरा वर्षांचा असताना मला एकदा वेरूळच्या बाजूला घेऊन गेले होते. ते प्रत्येक बांध दोनदा मोजायचे, एकदा जाताना, एकदा येताना. आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. वरचे साहेब आले आणि चिडले, "अनंतराव, शेत एक आन आकडे दोन? लोकांनी काय समजायचं?" वडील टोपी काढून घाम पुसत म्हणाले, "शेत एकच आहे साहेब. आमचा हात कितपत भरवशाचा आहे ते दुसऱ्या आकड्यात दिसतं." साहेब म्हणाले, "आम्हाला तुमच्या हाताशी काय करायचंय? एक आकडा खोडा." वडिलांनी खोडला नाही, त्यांची बढती चार वर्षं अडली, हे मी पुढं आईकडून ऐकलं. पण त्या दिवशी, त्या उन्हात उभं राहून, मला वडिलांची लाज वाटली होती. एवढा मोठा माणूस आणि त्याला एक आकडा सांगता येत नाही! मला साहेबांचं पटलं होतं. अजूनही कुणी गोळीबंद एक आकडा सांगितला की माझं मन त्याच्याकडं धावतं.

चितेगाव मागं पडलं. कंपन्यांच्या भिंती, कामगारांची बस, टपरीवर पोह्यांचा वास. लोंबकळणाऱ्या आरशात मागचा रस्ता दिसत नव्हता, नुसतं आभाळ दिसत होतं. मला आठवत होती गेल्या एप्रिलची दुपार. द्वारका दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सर, येऊ?" पाच वर्षांत तिनं असं कधी विचारलं नव्हतं, सरळ आत यायची. पाच वर्षं ती पंप बावन्नच्या स्थितीत अडकवता येईल असं रसायन शोधत होती. एक्केचाळीस रसायनं झाली, एकही बसलं नाही. मी म्हणायचो, बसेल, पुढचं बसेल. त्या दुपारी तिच्या हातात छापलेले कागद होते.

"सर, एक खोटी नोंद केली मी."

"खोटी?"

"म्हणजे संगणकावर. फक्त चौतीस टाकलं. बावन्न टाकलंच नाही. वरून आपल्या नोंदींत होता तेवढा गोंगाट टाकला. अशा दोनशे चौदा केल्या."

"मग?"

"मग तुमच्या वहीतल्यासारख्या निवडल्या, शेपटाकडं बघून. बावन्नच्या आसपास उंचवटा आला, सर." ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "एकदा नाही, हजार वेळा करून पाहिलं. सातशे दहा वेळा येतो. न निवडता सगळ्या ठेवल्या तर जवळजवळ येतच नाही. तुमच्या खऱ्या दोनशे चौदा पण सगळ्या घेऊन पाहिल्या. तिथं काही नाही."

ती वही तिला मीच दिली होती. कौतुकानं. बघ, मोजमाप कसं ठेवायचं असतं, म्हणून. मी कागद हातात घेतले. पहिल्या दोन मिनिटांतच कळलं की तिचं बरोबर आहे. मला काय वाटलं ते सांगतो. मला राग आला. तिचा नाही, त्या त्र्याऐंशी नोंदींचा. त्या तेरा वर्षं गप्प बसल्या होत्या आणि आता बोलत होत्या. आणि रागाच्या खाली, खूप खाली, भीती होती. त्या उंचवट्यावर माझी बढती होती, एक पदक होतं, दोन विद्यार्थ्यांच्या पदव्या होत्या, इतरांच्या तीनशे लेखांतला माझ्या लेखाचा हवाला होता. तो काढून घेतला तर माझ्या आयुष्यात उरत होता तो चौतीस, आणि चौतीस माझ्या आधीच दुसऱ्या कुणी तरी मोजलेला होता. मी म्हणालो, "ठेवून जा. बघतो." ती म्हणाली, "सर, याचं सहावं प्रकरण करावं असं वाटतं. म्हणजे प्रबंध उभा राहतो. बावन्न सापडत नाही कारण ते नाहीच, असं." तिचे डोळे चमकत होते. बिचारीला वाटत होतं तिनं काही तरी शोधलंय, आणि खरंच शोधलं होतं.

आठ दिवसांत तिनं चौदा पानांचं प्रकरण लिहून आणलं. मी ते एकोणीस दिवस टेबलाच्या खणात ठेवलं. रोज काढायचो, वाचायचो, परत ठेवायचो. इतकं सभ्य लिहिलं होतं! कुठंही माझं नाव नाही. निवडीची पद्धत, असं म्हटलं होतं. वाचताना वाटायचं, हे मी लिहायला हवं होतं, तेरा वर्षांपूर्वी, हैदराबादेत, दुसऱ्याच दिवशी. त्या प्रकरणावर सही करायची म्हणजे मग लेख मागं घ्यायला मासिकाला पत्र लिहायचं, जुन्या दोन विद्यार्थ्यांना फोन करायचा, संस्थेच्या संचालकांसमोर बसायचं. पुन्हा मोजायचं म्हटलं तर नव्या यंत्रावर पाळी मिळणार होती डिसेंबरात, आणि द्वारकाची नोंदणी तीस जूनला संपत होती, दोनदा मुदत वाढवून झाली होती. पैठणकडच्या एका कॉलेजात तिची जागा पदवीवाचून अडली होती. ही सगळी कारणं खरी होती. मी ती एकेक करून मोजली आणि मेळ बसणारी तेवढी ठेवली. सहाव्या प्रकरणासकट प्रबंध जूनच्या आत सहज देता आला असता. त्यासाठी फक्त परीक्षकांसमोर उभं राहून, मुलगी बरोबर आहे, चूक माझी आहे, एवढं म्हणणारा माणूस हवा होता. हे कारण मी बाजूला टाकलं.

आणि मग मे महिन्यात तिचे वडील आले, कडूबा. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर मोसंबीची गोणी. संस्थेचा शिपाई ती उचलू लागला तर त्याला दिली नाही, स्वतः जिना चढून आणली. खुर्चीवर बसायला तयार होईनात. शेवटी टोकावर बसले.

"साहेब, पोरगी म्हनती, आजून टाइम लागन. खरं हाय का?"

"असं म्हणाली ती?"

"व्हय. म्हनं, काय तरी चुकलंय, ते नीट करावं लागतंय. म्या म्हनलं, चुकलं आसंल तर नीट कर बाई, पर किती? हिची माय, सरूबाई, लई खचलीय हो साहेब. तीस वरसाची पोर. गावात लोक इचारतेत, हिचं शिक्षान संपत का नाय?" ते टोपी काढून हातात फिरवत होते. "मला त्यातलं काय बी कळत नाय. तुमी सांगा. तुमी सांगाल ते खरं."

तुम्ही सांगाल ते खरं. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि मला एकदम हलकं वाटलं. एखाद्या खोलीचा दरवाजा सापडावा तसं. त्यांच्यासाठी करतोय असं म्हणता येणार होतं. मी म्हणालो, "नाही लागणार वेळ. जूनमध्ये देऊन टाकू." कडूबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझे हात धरले, आणि मी धरू दिले. त्या संध्याकाळी मी द्वारकाला बोलावलं. प्रकरण काढून टाक, असं मी म्हणालो नाही. तेवढाही सरळपणा माझ्यात नव्हता. मी म्हणालो, "काम चांगलं आहे. पण परीक्षक काय म्हणतील सांगता येत नाही. मुदत तुला माहीत आहे. घरची परिस्थिती तुला माहीत आहे. तुझं तू ठरव."

"तुम्ही सांगा ना, सर."

"मी काय सांगणार? प्रबंध तुझा आहे."

तिनं टेबलावरची ती चौदा पानं उचलली आणि घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी प्रबंध आला त्यात पाचच प्रकरणं होती. दुसऱ्या प्रकरणात बावन्न, अधिक-उणे दोन, माझ्या लेखाच्या हवाल्यानं. पुढच्या तीन प्रकरणांत एक्केचाळीस रसायनं, एकही न बसलेलं. मी सही केली. त्यानंतर ती माझ्याशी नेहमीसारखीच वागली. वेळेवर यायची, काम करायची, सर म्हणायची. फक्त प्रश्न विचारायची बंद झाली. पाच वर्षं जिनं माझं डोकं खाल्लं, ती दहा महिने एक प्रश्न विचारत नाही, आणि मी प्रत्येक दिवशी त्याची वाट पाहतो, असं चाललं होतं.

संस्थेच्या फाटकाशी पहारेकऱ्यानं आरसा पाहिला. "सर, ठोकली का कुनी?" मी म्हणालो, काही नाही. सभागृहाबाहेर कडूबा आणि सरूबाई बसले होते, गावातले आणखी चार-पाच जण, नवीन कपड्यांत. सरूबाई मला पाहून उठून उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. द्वारकानं निळी साडी नेसली होती. मी तिला म्हणालो, "झाली तयारी?" ती म्हणाली, "हो सर." गाडीतून येताना मी मनाशी एक ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे काय, एक पैज लावली होती. जर परीक्षकांनी बावन्नबद्दल विचारलं, आणि जर तिनं खरं सांगितलं, तर मी तत्क्षणी उभा राहणार. सगळं माझ्यावर घेणार. वहीतला लाल खुणांचा हिशेब, सगळं. तिनं पहिलं पाऊल टाकावं, दुसरं मी टाकीन. एवढं माझ्याच्यानं होईल असं मला खरोखर वाटत होतं. पंचवीसेक वर्षांनी लहान, मोसंबीवाल्याच्या मुलीच्या पाठीमागं उभं राहून धीट होण्याची माझी तयारी होती.

तिनं चाळीस मिनिटं मांडणी केली. छान केली. पडद्यावर दोन उंचवटे आले तेव्हा तिनं चौतीसवर काठी ठेवली आणि मग बावन्नवर, जराही न थांबता. परीक्षकांपैकी मद्रासचे गृहस्थ दोन-चार रसायनांबद्दल बोलले. मग पुण्याचे परीक्षक, वयानं माझ्याएवढे, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "एक सांगा. एक्केचाळीस रसायनं, एकही बसत नाही. तुम्हाला स्वतःला हा बावन्नचा उंचवटा खरा वाटतो का?"

आला, प्रश्न आला. नाही म्हण, मी मनात म्हणालो. नाही म्हण, पोरी, एकच शब्द. मी खुर्ची थोडी मागं सरकवली. हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले. ती माझ्याकडं पाहत होती. परीक्षकांकडं नाही, सरळ माझ्याकडं. मी तिच्याकडं पाहिलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. दहा सेकंद असतील, अधिक-उणे मला ठाऊक नाही. मग तिनं मान वळवली आणि म्हणाली, "हो सर. वाटतो."

"कशावरून?"

"मोजमाप आमच्या सरांचं आहे."

परीक्षक हसले. सभागृह हसलं. "मग प्रश्नच मिटला," ते माझ्याकडं बघून म्हणाले, आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. दहा मिनिटांत पदवी जाहीर झाली. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, खुर्चीवर बसूनच. लोक पेढे घ्यायला बाहेर गेले. ती पडद्याची तार गुंडाळत मागं राहिली. मी तिच्याजवळ गेलो.

"द्वारका, तू 'नाही' असं का म्हणाली नाहीस?"

तिनं तार खाली ठेवली. "मी तुमच्याकडं बघत होते, सर. तुम्ही खुर्ची मागं घेतली. मला वाटलं, आता उठतेत. आता सर बोलतेत. म्हणून थांबले मी. लई थांबले." तिचा आवाज कुठंही चढला नाही. "मग तुम्ही नाही उठला."

"मी तुझ्यासाठी थांबलो होतो."

"हो सर," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर मी काही तरी बोललो असतो. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला, जसा कुठल्याही शिक्षकाच्या पायांना लावतात तसा. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो तोवर ती उठून उभी राहिली होती. तेवढ्यात कडूबा पेढ्यांचा पुडा घेऊन आत आले, मागं सरूबाई.

"घ्या साहेब, घ्या. आज माझी पोर डागतर झाली, तुमच्यामुळं झाली. आता येक करा, मला सोप्या भाषेत सांगा बरं, हिनं काय शोदलं? गावात सगळे इचारनार. कडूबा, पोरीनं येवढी वरसं काय शोदलं? मला सांगता आलं पायजे."

मी तोंड उघडलं. पंप, दोन खुणा, एक नवं अंतर, सगळं ओठांवर आलं, तयार होतं. द्वारका माझ्या आधी बोलली, वडिलांकडं बघून, शांतपणे.

"काहीच नाही सापडलं, आबा."

कडूबा क्षणभर तिच्याकडं बघत राहिले आणि मग पोट धरून हसायला लागले. "बघा साहेब, बघा! लहानपनापासून आशीच हाय ही. सोताचं कवतिक म्हनून करायची नाय." त्यांनी एक पेढा माझ्या हातावर ठेवला आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि मी त्यांच्याबरोबर हसलो.